दिवे मालवा, उत्सव आहे!



उत्सव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? मांडव, रंगीत माळा, लाउडस्पीकर, पाळणे, रेवड्या. बरोबर ना? आज ज्या उत्सवाची ओळख करून देणार आहे, तिथं यातलं जवळजवळ काहीच नाही. रोषणाई चालत नाही. आरडाओरडा चालत नाही. पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडं उभं राहायचं, पुढं पाऊल टाकायचं नाही. उत्सवमूर्ती काडेपेटीपेक्षाही लहान! आणि गंमत म्हणजे ती येईलच याची खात्री नाही. सकाळी आली नाही तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची. संध्याकाळीही नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लवकर उठायचं.

हा आहे कासव महोत्सव आणि गावाचं नाव वेळास.

आता नकाशा उघडा बरं. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका सापडेल. तिथं सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे आणि त्याच्या जवळच वेळास. पेशवाईतले नाना फडणवीस तुम्हाला इतिहासात भेटले असतील, त्यांचं हे मूळ गाव. आपल्या जालन्यापासून जवळजवळ पाचशे किलोमीटर. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरं आणि त्यांच्या पुढं लांबलचक वाळू.

रात्रीची पाहुणी

या वाळूवर दर हिवाळ्यात, रात्रीच्या अंधारात, एक पाहुणी येते. तिचं नाव ऑलिव्ह रिडले. ही समुद्री कासवाची एक जात. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडं कमी. पाण्यात ती मोठी चपळ, पण वाळूवर तिला एकेक पाऊल जड जातं. ओढत, थांबत, धापा टाकत ती भरतीच्या रेषेच्या वर येते. मागच्या पायांनी दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी. मग वाळू लोटते, अंगानं थापटून जागा सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडं बघायला ती येत नाही.

अंडी उबवायचं काम ऊन आणि वाळू करतात. त्याला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. आणखी एक नवल सांगते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त.

आई जवळ नसल्यामुळं अंड्यांवर टपलेले पुष्कळ. कोल्हे, कुत्री, रानडुकरं, खेकडे. आणि माणसं! कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी ही अंडी लोक खायला आणि विकायला नेत. वाळूवर कासवाच्या पायांचे ठसे उमटतात. त्यांचा माग काढला की घरटं सापडतं. ज्याला तो माग ओळखता येई, त्याला एका रात्रीत शंभर अंडी मिळत.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत वेळासला आले. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा सगळा प्रकार कळला. त्यांनी गावकऱ्यांशी बोलणं सुरू केलं. ही जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच कासवाला. अंडी नेणं हा गुन्हा. पण नुसती कायद्याची भीती घालून भागलं नसतं. रात्रभर एवढ्या लांब किनाऱ्यावर पहारा कोण देणार? तो गावातल्याच माणसांनी द्यायचा होता.

त्या पहिल्या हंगामात वेळासला ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

आता पाटी-पेन्सिल घ्या. जाणकार म्हणतात, साधारण हजार पिल्लांमधलं एखादंच मोठं होईपर्यंत जगतं. मग २,७३४ पिल्लांमधून मोठी होणार किती? दोन, फार तर तीन! एवढ्या जाग्या रात्रींचा हिशेब दोन-तीन कासवं. म्हणून तर एकेक घरटं मोलाचं. त्या वर्षीची एखादी मादी वाचली असेल, तर आज तीही कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येत असेल, कारण या कासविणी मोठ्या झाल्या की आपल्या जन्मकिनाऱ्याच्या भागात परततात.

टोपलीखाली कोण?

अंडी सापडली की कार्यकर्ते ती हलक्या हातानं काढतात आणि कुंपण घातलेल्या जागेत पुरतात. खड्डा तेवढाच खोल, तेवढाच रुंद. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. या जागेला हॅचरी म्हणतात. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लं वर आली असतील तर ती किनाऱ्यावर नेऊन पाण्यापासून थोडं दूर सोडायची. पाण्यात उचलून टाकायची नाहीत! तेवढी चाल पिल्लांनी स्वतः चालायची असते. मोठं झाल्यावर परतीचा किनारा ओळखायला ही पहिली चाल उपयोगी पडत असावी, असं अभ्यासक मानतात.

हे बघायला बाहेरची माणसं आली तर? त्यातून २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पिल्लं बाहेर यायच्या हंगामात भरतो. पाहुणे हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरी उतरतात. ओटीवर झोपतात, पंगतीत आमटी-भात, सोलकढी आणि नशिबात असेल तर उकडीचे मोदक जेवतात. राहण्या-जेवणाचे पैसे त्या घरात जातात. ज्या वाळूतून पूर्वी अंडी विकून चार पैसे मिळत, त्याच वाळूतून आता अंडी राखून चार पैसे मिळू लागले. हा बदल झाला म्हणूनच पहारा टिकला, असं मला वाटतं.

सुरुवातीला संस्था आघाडीवर होती. पुढं गावचं कासव मित्र मंडळ उभं राहिलं आणि ग्रामपंचायत व वन विभाग यांच्या साथीनं गावानं उत्सव आपल्या अंगावर घेतला. दापोली तालुक्यातल्या आंजर्ले गावीही असाच उत्सव होऊ लागला.

"बाई, ग्रामपंचायतीला दुसरी कामं नाहीत का?"

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा चौथीतल्या एका मुलानं सरळ विचारलं, "बाई, आपल्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. नळाचं बघायचं सोडून कासवांचा उत्सव? ग्रामपंचायतीला दुसरी कामं नाहीत का?"

प्रश्न खरा आहे. टँकरपुढं घागर घेऊन उभं राहणाऱ्या मुलानं तो विचारायलाच हवा. म्हणून त्याचं उत्तरही नीट बघू.

पहिली गोष्ट म्हणजे, ग्रामपंचायतीची कामं कोणती, हे कुठं लिहिलंय? १९९२ साली आपल्या राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. तिच्यामुळं घटनेला अकरावी अनुसूची जोडली गेली. पंचायतींकडं सोपवता येतील असे २९ विषय तिच्यात आहेत. पिण्याचं पाणी आहे, रस्ते आहेत, शाळा आहे. पण त्याच यादीत मत्स्यव्यवसाय आहे, सामाजिक वनीकरण आहे, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. म्हणजे निसर्गाचा उत्सव हे काही पंचायतीच्या कामाबाहेरचं नाही. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या गावात कोणती झाडं, पक्षी, प्राणी, पिकांची वाणं आहेत, याची नोंदवही त्या समितीनं ठेवायची. कायदा समुद्रकाठच्या गावांना आहे तसाच आपल्यालाही आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. असा उत्सव करायला पंचायतीनं तिजोरी रिकामी करायची गरज नसते. गावात पाहुणे येणार, तर रस्ता झाडून घ्यायचा, कचऱ्याची सोय करायची, पाणी आणि स्वच्छतागृह बघायचं, गाड्या किनाऱ्यापासून दूर थांबवायच्या. ही सगळी नेहमीचीच कामं. फरक एवढाच, की ती कासवाच्या सोयीनं करायची.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कधी कधी पंचायतीची मदत म्हणजे एखादं काम न करणं! कसं ते बघा. गावात दिवे लावले की सगळे खूश. सरपंचांचं नाव होतं. पण कासवाचं पिल्लू रात्री वाळूतून वर आलं की उजेडाच्या दिशेनं धावतं. लाखो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ जागा म्हणजे समुद्र, कारण चांदण्यांचा प्रकाश पाण्यावर चमकतो. पिल्लाला तेवढंच ठाऊक. मागं रस्त्यावर झगझगीत दिवा असेल तर ते बिचारं समुद्राकडं पाठ फिरवून रस्त्याकडं चालत जातं. सकाळी कावळे, कुत्री किंवा ऊन त्याचा घास घेतात. तेव्हा जिथं कासवं येतात, तिथं किनाऱ्यालगत मोठे दिवे नको म्हणणं, हॉटेलच्या माळा नको म्हणणं, वाळूवर गाड्या फिरवू न देणं, हीच खरी मदत. "आम्ही इतके दिवे लावले" असं सांगायला सोपं असतं. "आम्ही इथं दिवा लावला नाही" असं सांगायला गावाचं एकमत लागतं, आणि ते ग्रामसभेतच होऊ शकतं.

हात दोन्हीकडचे लागतात

नुसत्या उत्साहानं काम होत नाही, याचं एक उदाहरण मुंबईत घडलं. वर्सोव्याचा किनारा प्लॅस्टिकच्या कचऱ्यानं भरून गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलानं आणि त्यांच्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी तो हातानं उचलायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे गेले. माणसं जोडली गेली, कोळीवाड्यातले लोक आले, शाळेची मुलं आली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागानं शाह यांचा मोठा सन्मान केला. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि काही लोक स्वयंसेवकांना त्रास देतात, ही त्यांची तक्रार होती. सरकारनं लक्ष घातलं आणि काम पुन्हा सुरू झालं. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर आली!

यातून काय कळलं? लोक कचरा वेचतील, पण त्याचा ढीग हलवायला ट्रक लागतो आणि तो नगरपालिकेकडं किंवा महापालिकेकडं असतो. उलट ट्रक असला आणि वेचणारे हात नसले, तर तोही उभाच राहतो. हात दोन्हीकडचे लागतात.

मच्छीमारांचंही असंच. कासव जाळ्यात अडकलं तर ते सोडवायला जाळं कापावं लागतं आणि जाळं महाग असतं. मग गरीब कोळ्यानं काय करावं? २०१८ च्या अखेरीला महाराष्ट्र सरकारनं योजना आणली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. बघा, "कासव वाचवा" असं सांगून सरकार थांबलं नाही. वाचवणाऱ्याचं नुकसान कोण सोसणार, याचाही विचार केला.

तसं पाहिलं तर निसर्गाचा सण आपल्याला नवा नाही. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. हळद-लोण्यानं खांदे चोळतात आणि पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ. आज जून-जुलैमध्ये सरकारी मासेमारी बंदी असते, तिचंही एक कारण हेच. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याला थोडी विश्रांती द्यायची, हीच या सणांची शिकवण.

मात्र एक धोका सांगायलाच हवा. उत्सव फार गाजला की गर्दी होते. गर्दी झाली की मोबाइल पुढं येतात, कुणाला पिल्लू हातात धरून फोटो हवा असतो, कुणी दोरी ओलांडतं. मागून येणारं पिल्लू पायाखाली आलं तर कळतही नाही. म्हणून अशा उत्सवाचं यश किती गाड्या आल्या यावर मोजायचं नाही. पुढच्या वर्षी कासवीण पुन्हा निर्धास्तपणे आली का, यावर मोजायचं.

आपला समुद्राशी काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आपल्या जालना जिल्ह्यात समुद्र कुठाय?" नाही खरा. पण नकाशावर बोट ठेवा. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते. दुधना पूर्णेला मिळते. पूर्णा गोदावरीला. आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जाणारी गोदामाय थेट आंध्र प्रदेशात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, उन्हाळ्यात पात्रं कोरडी पडतात. तरी पुराच्या पाण्याबरोबर वाहिलेली प्लॅस्टिकची पिशवी कुठवर जाईल, हे कुणी सांगावं? गोदावरीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. समुद्रात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी वाटते आणि तो ती गिळतो.

"पण तो पूर्वेचा समुद्र, वेळास तर पश्चिमेला!" असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर कासवांनीच दिलंय. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री'ला असंच यंत्र बसवलं. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली! आणि उलटंही झालं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. कासवाला नकाशावरची नावं ठाऊक नाहीत. त्याला समुद्र एकच.

मग आपला उत्सव कोणता? तो कुंडलिकेचा असू शकतो, गावच्या ओढ्याचा, पाझर तलावाचा असू शकतो. जालन्याजवळच्या घाणेवाडी तलावातला गाळ काढायला नागरिक पुढं आले होते, ते उदाहरण तर आपल्या घरचंच. हिवाळ्यात तुमच्या तलावावर कोणते पक्षी उतरतात? त्या दिवसांत एक 'तलावाचा दिवस' करता येईल. सकाळी पक्षी मोजायचे, मग काठ झाडायचा, दुपारी आजोबांकडून तलावाची गोष्ट ऐकायची. स्पीकर मात्र लावायचा नाही हं!

पालकांसाठी दोन शब्द

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास गावोगावी ग्रामसभा होतात. पुष्कळ घरांतून तिथं कुणी जात नाही. आपण जावं आणि मुलांनाही सोबत न्यावं. मुलांनी लिहिलेला एक कागद सरपंचांच्या हाती द्यावा. 'तलावाकाठी कचरा टाकू नये' एवढा एकच ठराव झाला, तरी मुलांना कळेल की गावचा कारभार म्हणजे आपणच. आणि ठराव नाही झाला, तर तो पुन्हा कसा मांडायचा हेही तिथंच शिकता येतं.

या आठवड्याचं काम

१. घरातल्या मोठ्या माणसासोबत ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवक भाऊसाहेबांना नमस्कार करून विचारा, "आपल्या गावची जैवविविधता नोंदवही बघायला मिळेल का?" मिळाली तर त्यातली पाच नावं वहीत लिहून आणा. नसेल तर पाच नावं तुम्हीच लिहून त्यांना द्या.

२. तुमच्या घराजवळच्या ओढ्यापासून समुद्रापर्यंत पाण्याची वाट नकाशावर निळ्या पेन्सिलीनं रंगवा.

३. रात्री अंगणातला दिवा थोडा वेळ मालवा आणि आकाशात किती चांदण्या जास्त दिसतात ते मोजा. मालवायच्या आधी आजीला सांगा, नाहीतर तुम्हालाच ओरडा बसेल!

तुमच्या नकाशांची वाट बघते.

तुमच्या,
बाई